शेरा : कामचुकार

५ ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी पत्र येतं आणि त्याची सुरुवात ‘प्रति, सुपरवायझर, बांधणी विभाग’ अशी होते. मी आधी मागे वळून पाहिलं, की तिथे कुणी सुपरवायझर उभी आहे का. मग आठवलं, ती मीच. पुढे ‘आपण’, ‘आपल्याकडून’, ‘आपली विश्वासू’. लहानपणी माझी वेणी ओढून तू मला ज्या ज्या नावांनी हाका मारायचीस त्यांत ‘आपण’ कधी ऐकल्याचं आठवत नाही.

असो. मुद्दा कळला. मोठ्या ग्रंथालयाच्या दुरुस्तीखोलीत तुला जागा मिळते आहे. जुनी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा. बसून काम, खिडकीजवळ टेबल, जिना नाही. त्यांना आमच्याकडे केलेल्या अकरा वर्षांच्या कामाचा दाखला हवा आहे, पाच ऑक्टोबरच्या आत. नाही मिळाला तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. आणि दाखल्यावर सही लागते सुपरवायझरची. योगायोग मोठा विनोदी आहे, पण तुला हसू येणार नाही हे मी समजू शकते.

दाखला म्हणजे चार ओळी. नाव, हुद्दा, कधीपासून, कधीपर्यंत. अडचण आहे ती पाचव्या ओळीची. थोरल्या मालकांनी घालून दिलेला नियम तुला ठाऊक आहेच : दाखल्याच्या तळाशी शेरावहीतला शेवटचा शेरा जसाच्या तसा उतरवायचा. हजेरीपुस्तकाशेजारची ती जाड वही अजून तिथेच आहे. कुणाचे किती खाडे, कुणाची शिवण सैल, कुणाची घडी वाकडी, सगळं सुपरवायझरनं त्यात लिहायचं आणि दर एक तारखेला बावीस जणींसमोर मोठ्यानं वाचायचं. थोरले मालक म्हणायचे, पाठीमागे बोलण्यापेक्षा तोंडावर बोललेलं बरं. धाकट्या मालकांनी मशिनं बदलली, भिंतींचा रंग बदलला, छपाईचा कागद हलका केला. हा नियम तेवढा ठेवला. त्याला काही खर्च येत नाही.

तुझ्या नावापुढचा शेवटचा शेरा असा आहे : ‘कामचुकार. दर महिन्याला सोंग.’

अक्षर माझं. वाचलाही मीच.

काळजी करू नकोस. मी मालकांशी बोलते. दोन महिने हातात आहेत, काहीतरी मार्ग निघेल.

तुझी,
ताई

ता. क. अक्षर वेडंवाकडं आलंय. सकाळपासून बोटं जरा आखडली आहेत. हवा बदलली असेल.


२० ऑगस्ट

बारके,

कार्ड मिळालं. ‘बोललात का? नियम मला पाठ आहे. शेरा ज्यानं वाचला त्यानंच एक तारखेला सगळ्यांसमोर वाचून मागे घेतला, तर तो बदलतो. एक सप्टेंबर आहे, एक ऑक्टोबर आहे. त्यापुढे उपयोग नाही.’

इतकं थोडक्यात लिहायला कुठे शिकलीस? आपल्या घरात मीठ मागायचं तरी आधी प्रस्तावना लागायची.

नियमाचा हा दुसरा भाग तुझ्या लक्षात नसावा, अशी मला आशा होती. म्हणून मागच्या पत्रात मी तो लिहिला नाही. अर्धा नियम तुला सांगितला आणि अर्धा स्वतःजवळ ठेवला. तू अकरा वर्षं दर एक तारखेला तिथे उभी राहिली आहेस, हे मी विसरले. सोयीचं असलं की मला पटकन विसरता येतं.

मालकांशी बोलले. म्हणजे नाही बोलले. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पहिल्या वेळी ते फोनवर होते. दुसऱ्या वेळी नव्हते, पण मला वाटलं, येईल एवढ्यात फोन.

मधे एक गंमत झाली. गेल्या गुरुवारी खालच्या छापखान्यातून छापील कागदांचा, फर्म्यांचा गठ्ठा घेऊन वर येत होते. चौदाव्या पायरीवर माझ्या उजव्या गुडघ्यानं कुठलीही पूर्वसूचना न देता राजीनामा दिला. मी कठड्याला धरून राहिले, फर्मे मात्र खाली गेले, थेट रस्त्यावरच्या दारापर्यंत. कटिंगवाला वरून वाकून म्हणाला, “ताई, कागद वर आणायचे असतात.” त्याला मी जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

गेले आठ महिने हे चाललं आहे. काही दिवस काहीच नाही, मी आपली घोड्यासारखी. मग चार-पाच दिवस असे येतात की सकाळी मूठ मिटायला दहा मिनिटं लागतात. बाटलीचं झाकण उघडत नाही. दाराची कडी काढायला दोन हात लागतात. आता एकोणपन्नास चालू आहे, पाळी येते ती मनाला येईल तेव्हा. कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. पण यायच्या आधी सांधे दवंडी पिटतात.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. साधी बाई आहे, टेबलावर पेनं सोडून काही नाही. म्हणाल्या, “दुखणं आणि पाळी, यांचा काही मेळ लागतो का?”

“लागत असेल. मी कधी मांडून पाहिलं नाही.”

“मग मांडा. दुखेल त्या दिवशी कागदावर फुली. पाळी येईल त्या दिवशी गोल. रक्त तपासून घेऊ, दुसरा कुठला आजार नाही ना हे बघायला हवं. पण काही बायकांचे सांधे पाळीच्या तोंडावर धरतात. शरीरात त्या दिवसांत बरीच उलथापालथ होते. पाळी जायच्या वयात तर हे आणखी वाढतं. घरात कुणाला होतं का असं?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आई? बहीण?”

“आमच्याकडे सगळ्या ठणठणीत.”

बारके, असं म्हणाले मी. फी भरून, खोटं बोलून बाहेर आले. जिन्यावरून उतरताना गुडघा दुखत होता, आणि मला वाटलं की तो हसतोय.

तू एक लक्षात घे. त्या वेळी या गोष्टी कुणालाच कळत नव्हत्या. कारखान्यात कळत नव्हत्या, मालकांना कळत नव्हत्या. मला कळलं असतं तर मी काही गप्प बसले असते का?

एक तारखेचं बघते.

ताई


२ सप्टेंबर

बारके,

काल एक तारीख होती. माझा घसा बसला होता.

सकाळी बरा होता. कामाला येताना बरा होता. दहा वाजता सगळ्या टेबलांभोवती उभ्या राहिल्या, कटिंगवाल्यानं मशीन बंद केलं, मी वही उघडली, आणि तेव्हा बसला. मी म्हणाले, “घसा धरलाय, थोडक्यात आटपते.” मग बावीस जणींचे शेरे वाचले. खळवालीलाही दिला : ‘खळ दोनदा पातळ.’ तुला ती आठवत असेल. अजून तीच खळ शिजवते, अजून तेच पातेलं आहे. ती मागून म्हणाली, “घसा तर चांगला वाजतोय की.” बायका हसल्या. मी वही मिटली.

तुझं नाव घेतलं नाही. आता एकच एक तारीख उरली आहे, हे मला तुझ्याइतकंच कळतं.

पण मी स्वस्थ बसलेले नाही. मालकांना भेटले. म्हटलं, एक जुना शेरा चुकून लिहिला गेला होता, दाखल्यावर त्याच्याखाली खुलाशाची ओळ टाकू का? ते बोटानं हवेत रेघ ओढून म्हणाले, “टाका काहीतरी. दाखले कोण वाचतंय?” म्हणून सोबत मसुदा पाठवते आहे. पाचव्या ओळीत नियमाप्रमाणे शेरा आहे, आणि त्याखाली : ‘सदर शेरा गैरसमजातून लिहिला गेला होता.’ वाक्य चांगलं आहे. कुणाचंही बोट कुणाकडेही जात नाही.

आणि खरं सांगू का, हा मार्ग तुझ्याच भल्याचा आहे. समज मी एक तारखेला सगळं वाचलं. तो मजकूर जसाच्या तसा तुझ्या दाखल्यावर उतरणार. ग्रंथालयातल्या साहेबांच्या टेबलावर तुझी पाळी, तुझे गुडघे, तुझी बोटं. ते म्हणतील, ही दर महिन्याला आडवी होणार, कशाला घ्या. मला तुझी काळजी वाटते. तू असं समजू नकोस की मी शेपूट घालते आहे.

एक जुना कागद मी पुन्हा पाहिला. शेरावहीच्या मागच्या खिशात अजून आहे. तो तू कधी पाहिला नव्हतास, म्हणून सांगते. जुन्या सुपरवायझरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा मालकांना आपल्या दोघींमधून एक निवडायची होती. तात्पुरती वही माझ्याकडे दिली होती, कारण मी मोठी. पण त्यांचा कल तुझ्याकडे होता, शिवण तुझी चांगली म्हणून. मला म्हणाले, “धाकटीचे खाडे फार होतात असं ऐकतो. जरा मांडून दाखवा.” मी एक मोठा कागद आखला. वर्षभराचा. तुझ्या खाड्याच्या दिवशी लाल फुली. दर खेपेला तीन, तेरा खेपा, एकूण एकोणचाळीस. मालकांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “दर महिन्याला? न चुकता? अहो, आजारपण काय वेळापत्रक लावून येतं? हे सोंग आहे.”

मी काही बोलले नाही. मला त्या फुल्यांमध्ये काही वेगळं दिसलं नाही. आकडे मला कुठे कळतात.

मसुदा पसंत असेल तर कळव, म्हणजे सही करून पाठवते.

ताई


१४ सप्टेंबर

बारके,

मसुदा परत आला. ‘गैरसमजातून’ या शब्दाभोवती गोल, आणि शेजारी तुझ्या अक्षरात एकच शब्द : ‘कुणाच्या?’

माझं पत्रही परत आलं. ‘आकडे मला कुठे कळतात’ या वाक्याखाली दोन रेघा. बाकी काही नाही.

आणि कार्डावर : ‘ग्रंथालयाची काळजी नको. मुलाखतीत मीच सांगितलं. महिन्यातले तीन दिवस बोटं चालत नाहीत, त्या दिवसांत यादी करायचं काम द्या म्हटलं. त्यांनी खुर्ची किती उंचीची लागेल ते विचारलं. तुमचा कारखाना सोडून जग बरंच पुढे गेलंय, ताई.’

‘ताई’ लिहिलंस. प्रेमानं नाही, टोमणा म्हणून. तरी मी ते चारदा वाचलं.

तर माझी शेवटची सबबही तू काढून घेतलीस. एवढ्या सहज की मला तुझा राग आला. नऊ वर्षं मी जे वाक्य कुणासमोर उच्चारू शकले नाही, ते तू अनोळखी माणसांना टेबलापलीकडून सांगून मोकळी झालीस, आणि त्यांनी खुर्चीची उंची विचारली.

आता लिहिते. हे लिहायला तीन दिवस लागले आहेत, आणि दोष बोटांचा नाही.

मी दिवसाला चार हजार फर्मे मोजते. गठ्ठ्यात एक कमी असला तर हातात घेतल्याबरोबर कळतो. आकडे मला कळत नाहीत हे वाक्य लिहिताना मला वाटलं होतं, की तुझ्या नजरेतून सुटेल. तुला घडी घालायला, मोजायला मीच शिकवलं, आणि मी तुला फसवायला निघाले ते मोजण्याच्या बाबतीत.

तो कागद आखला त्या दिवशी फुल्या मारून झाल्यावर मी पेन्सिलीनं फुल्यांमधली अंतरं लिहिली. सवयच ती. सत्तावीस. सत्तावीस. अठ्ठावीस. सत्तावीस. एका जागी सव्वीस. खालपर्यंत तसंच. मी त्या आकड्यांकडे पाहिलं आणि मला कळलं. हळूहळू नाही, एकदम कळलं. सोंग करणारी बाई सोमवारी करते, पाहुणे आल्यावर करते, काम जास्त असलं की करते. सत्तावीस दिवसांनी सोंग कोण करतं? मालकांना जो पुरावा हवा होता त्याच्या बरोबर उलटा पुरावा मी आखून ठेवला होता.

मग मी खोडरबर घेतलं आणि सगळे आकडे पुसले. फुंकर मारून कचरा उडवला. फुल्या तेवढ्या ठेवल्या.

आणि कळायला मला तो कागद तरी कशाला हवा होता? आईचं विसरले होते का मी? महिन्यातून दोन-तीन दिवस तिच्या बोटात अंगठी जायची नाही, ती काढून कपाटातल्या वाटीत ठेवायची. त्या दिवसांत कपडे पिळायचं काम माझ्याकडे. तू लहान होतीस, तुला वाटायचं अंगठी हरवते आणि सापडते. मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंना ‘आमच्याकडे सगळ्या ठणठणीत’ म्हणाले, तेव्हाही माहीत होतं.

आता त्याहून वाईट. हे तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

कागद मालकांना दिला त्याच्या दोन दिवस आधी तू मला हात धुवायच्या नळापाशी गाठलंस. मनगटावर ओला रुमाल गुंडाळला होतास. म्हणालीस, “ताई, मालकांना तूच सांग ना हे कशानं होतं ते. मला त्यांच्यासमोर तो शब्द काढवत नाही. तू मोठी आहेस, तू बोललीस की ऐकतील.” मी म्हणाले, “सांगते.” तुझा रुमाल घट्ट करून दिला. एवढं करून वर गेले आणि काही सांगितलं नाही.

का, ते एका ओळीत संपतं. मला ती जागा हवी होती. मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, तुझ्या आधी पाच वर्षं लागलेली, आणि मालक तुझ्या पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवून म्हणायचे, “याला म्हणतात शिवण.” माझ्या पुस्तकांवरून त्यांनी कधी अंगठा फिरवला नाही. माझी शिवण वाईट नव्हती, बारके. नुसती बरी होती. नुसतं बरं असणं माणसाला काय काय करायला लावतं, हे तुला कळायचं नाही, कारण तू कधी नुसती बरी नव्हतीस.

आणि ती एक तारीख. मी तुझं नाव घेतलं, शेरा वाचला. कुणीतरी म्हणालं, “हिचं कॅलेंडर पक्कं आहे,” आणि सगळ्या हसल्या. तू चिडली नाहीस, रडली नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस. मला नंतर कळलं तू काय करत होतीस. तू वाट बघत होतीस. तुला वाटत होतं हे नुसतं अर्धं आहे, मालकांचं म्हणणं आहे, आता ताई पुढचं वाक्य वाचेल, नळापाशी कबूल केलेलं. तुझा चेहरा अगदी शांत होता. इतका विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी ठेवला नव्हता, नंतर कुणी ठेवायचा प्रश्नच नाही.

मी पान उलटलं आणि पुढचं नाव घेतलं.

तर ‘कुणाच्या?’ याचं उत्तर : कुणाच्याही नाही. गैरसमज नव्हताच. मला नीट समजलं होतं.

एक ऑक्टोबरला वाचते. हे मी तुला वचन म्हणून लिहीत नाही, माझ्या वचनाची किंमत तुला ठाऊक आहे. नुसतं कळवते.


१ ऑक्टोबर

बारके,

दाखला सोबत आहे. आधी तो बघ, सही-शिक्का तपास, तारीख तपास. पत्र मागाहून वाचलंस तरी चालेल. कार्यालयातल्या पोऱ्यावर न सोडता टपालात मी स्वतः टाकणार आहे, म्हणजे तीन तारखेला तुझ्या हातात पडेल.

आज सकाळी बोटं लाकडासारखी होती. मला वाटलं, चला, आज येऊच नये, याहून खरं कारण कुठलं. मग स्वतःचीच कमाल वाटली. जो आजार तुझ्या बाबतीत खोटा ठरवला, तोच स्वतःची सुटका करायला खरा म्हणून वापरायला निघाले होते. बावीस पायऱ्या चढले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल चढतं तशी.

दहाला सगळ्या उभ्या राहिल्या. मालकांना मुद्दाम बोलावलं होतं. ते खिडकीपाशी घड्याळ बघत उभे. चष्मेवाली आणि खळवाली सोडल्या तर तुझ्या वेळच्या सहाजणीच उरल्यात. बाकीच्यांना तू म्हणजे वहीतलं एक नाव. आधी मी महिन्याचे शेरे वाचले. मग म्हणाले, “एक जुना शेरा मागे घ्यायचा आहे.”

कागद लिहून नेला होता. त्यात हे होतं :

‘नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे कामचुकार आणि सोंग असा शेरा लिहिला आणि इथेच वाचला. तो खोटा होता. दर सत्तावीस दिवसांनी, पाळीच्या आधी तीन दिवस, तिचे सांधे धरायचे. बोटं, मनगटं, गुडघे. बाकीच्या दिवसांत या कारखान्यात तिच्याइतकं चांगलं काम कुणाचं नव्हतं. तिच्या दुखण्याचं कारण मला माहीत होतं. तिनं ते मालकांना सांगायला मला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही, कारण सुपरवायझरची जागा मला हवी होती. नवा शेरा : काम उत्तम. चूक तिची नव्हती.’

‘पाळी’ हा शब्द आला तेव्हा मालकांना पंख्यात काहीतरी बिघाड दिसला आणि ते वर बघत राहिले. कटिंगवाल्यानं मशीनचं चाक पुसायला घेतलं; इतकं स्वच्छ ते नवं असतानाही नव्हतं. बायकांतलं कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी कागदाची घडी घातली.

खळवाली मागून म्हणाली, “ऐकू आलं नाही.”

“काय ऐकू आलं नाही?”

“मधलं. तोंडातल्या तोंडात बोललात. पुन्हा वाचा.”

मालक म्हणाले, “झालं ना आता. वाचलं त्यांनी.”

“वाचलं हो मालक. पण माझं वय झालंय, कानाला कमी येतं. धाकटीचा शेरा त्या दिवशी रस्त्यावर ऐकू गेला होता, तेव्हा चालत होते कान.”

बारके, तिचे कान आपल्या सगळ्यांपेक्षा तिखट आहेत. खळीत बुडबुडा फुटला तरी तिला खालच्या मजल्यावर कळतो. आणि ती म्हणाली ते खरं होतं. ‘मला माहीत होतं’ हे तीन शब्द मी गिळले होते. आवाज खाली नेऊन, घाईनं, पुढच्या वाक्यात मिसळून. लिहिताना धीर केला आणि वाचताना पुन्हा चोरी केली. उभ्या कारखान्यात ते तिच्या एकटीच्या लक्षात आलं.

घडी उलगडायला वेळ लागला. बोटं ऐकत नव्हती. चष्मेवाली पुढे आली, तिनं कागद उलगडून माझ्या हातात दिला, आणि देताना अगदी हळू म्हणाली, “माझं डावं मनगट. महिन्यातले चार दिवस. तुमच्याच भीतीनं कधी बोलले नाही.” आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

ती माझ्या हाताखाली नऊ वर्षं आहे.

मग मी पुन्हा वाचलं. पहिल्या शब्दापासून, शिंप्यानं टाका मोजावा तसा एकेक शब्द. ‘मला माहीत होतं’पाशी थांबले, मान वर केली, आणि वहीकडे न बघता, मागच्या टेबलापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. तोच आवाज होता. नऊ वर्षांपूर्वीचा. मला वाटलं होतं तो आता माझ्याकडे नसेल.

संपल्यावर मी खळवालीकडे पाहिलं.

“आता आलं,” ती म्हणाली.

मालक जाताना म्हणाले, “या सगळ्याची काय गरज होती? उद्यापासून वही माझ्याकडे आणून द्या. तुमचं काय ते सोमवारी बघू.” म्हणून तुझ्या दाखल्यावर आजच, जेवणाच्या सुट्टीच्या आत सही केली. सोमवारनंतर ती चालेल की नाही याची खात्री नाही. शेवटचा शेरा नियमाप्रमाणे जसाच्या तसा उतरवला आहे. एक शब्द गाळलेला नाही. चष्मेवालीला वाचून ताडून घ्यायला सांगितलं.

मला उत्तर पाठवू नकोस. दाखला त्यांना दे, आणि खुर्ची नीट उंचीची मागून घे.

ताई